आबांचं खाकरणं आणि ब्रेकमधली हवा

सांगलीच्या दवाखान्यात हिची माझी शेवटची भेट झाली तीही कुरबुरीतच. "आवं, आष्ट्याला दत्तूच्या घरी जाऊन आंगुळ करून या. लय वास मारतोय तुमचा," एवढं म्हणाली आणि तोंड भिंतीकडं केलं. दत्तू म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तो तिच्यापाशी थांबला. मी गेलो, अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसून परत आलो, तर दत्तू फाटकात टोपी हातात धरून उभा... मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. सगुणा तिचं नाव. मी चार बुकं शिकलेला गडी, लिहिणं माझं काम नव्हे. पण पेपरच्या या पुरवणीत लोक आपापल्या गेलेल्या माणसांवर लिहितात ते वाचतो. त्यात सगळ्या बायका सोशिक असतात. ही सोशिक नव्हती. ते कुणीतरी लिहायला पाहिजे, म्हणून लिहितोय.

लग्न होऊन आली तेव्हा मात्र तोंडातून शब्द फुटत नव्हता. लढाई संपली, मी पलटणीतली ड्रायव्हरकी सोडून वाईजवळ आमच्या गावी आलो आणि लष्करानं विकायला काढलेली एक लॉरी घेतली. पाचगणीचा बटाटा खाली सांगलीला न्यायचा, येताना गूळ-हळद आणायची. घरात माझे वडील, आबा. त्यांची शिस्त अशी की घरात पाऊल टाकण्याआधी बाहेरूनच खाकरायचे. खाकरले की बायांनी हातातलं टाकून उभं राहायचं, पदर सारखा करायचा. ही त्यात इतकी तयार झाली की जात्यावर बसलेली असली तरी खुंटा सोडून उभी. आणि आबांच्या समोर सुनेनं बोलायचं तर नावच नको.

दत्तूचं लग्न ठरलं. मुलगी पाचगणीच्या पलीकडची. वऱ्हाड माझ्याच लॉरीतून जायचं, म्हणजे पसरणीचा घाट चढायचा आणि माणसं भरून तोच उतरायचा. निघायच्या आदल्या दिवशी बघतो तर ब्रेकचं पायडल मऊ, दाबलं की खाली बसतंय. ब्रेकच्या नळीत तेल असतं, त्यात हवा शिरली की असं होतं. ती काढायची रीत सोपी आहे, पण एकट्याचं काम नव्हे. एकानं वर बसून पायडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकाशी निजून तिथला निपल, म्हणजे हवा काढायचा बारका नट, ढिला करायचा. नळीतून तेल येतं, त्याबरोबर हवेचे बुडबुडे. निपल परत आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते, केलेलं सगळं पाण्यात.

माझा क्लीनर हिवतापानं आडवा. मी हिला म्हटलं, चढ वर. ही खुणेनं अंगणातल्या बाजेकडं दाखवते. तिथं आबा बसलेले. सासरा खाली आणि सून त्याच्या डोक्याच्या वर, हे कसं जमायचं? आबांना ते कळलं. बाज फिरवली, आमच्याकडं पाठ करून बसले आणि म्हणाले, "मला काय दिसत न्हाई. चढू दे."

ही चढली. बोलायची सोय नव्हती म्हणून ठरलं की पायडल दाबून धरलं की तिनं स्टेअरिंगवर बांगडी वाजवायची, आणि निपल आवळला की मी पत्र्यावर पान्हा मारायचा. मागच्या चाकापासून सुरुवात केली. बांगडी वाजली, निपल सोडला, बुडबुडे आले, आवळला. तेल भरलं, पुन्हा. बुडबुडे कमी होत होत थांबायला आले की अचानक पहिल्यासारखेच. डबा रिकामा होत आला, ऊन डोक्यावर आलं, पायडल तसंच मऊ. मी निपलचे आटे बघितले, नळी बघितली, ज्यानं लॉरी विकली त्याच्या सात पिढ्या काढल्या. शेवटी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. उतर खाली. गिअरवर उतरवीन घाट."

ही उतरली नाही.

"उतर म्हणतोय न्हवं?"

"त्यात माजा भाऊ बसणार हाय," ती म्हणाली. मोठ्यानं, आबांच्या देखत. मी चाकाखाली तसाच पडून राहिलो. "पाय माजाच सुटतोय. मामांजी खाकरलं की मी उठून उभी ऱ्हाते. आपसूक. त्यांना तंबाखूचा ठसका लागतोय, त्याला मी काय करू?"

आता आबा हिला माहेरी धाडतात, असं माझ्या मनात येऊन गेलं... आबा पाठमोरेच होते. तसंच म्हणाले, "सून बोलली का रं?"

"व्हय आबा."

"मग ऐक की गड्या तिचं." तोंडातली तंबाखू थुंकली आणि पटक्याचा लोंबता शेव तोंडात कोंबून बसले. चारी चाकं होईपर्यंत त्यांना किती वेळा ठसका आला असेल, खांदे हलताना मी खालून बघत होतो, पण आवाज बाहेर पडू दिला नाही. पायडल दगडासारखं झालं. ही उतरली तेव्हा आबांनी शेव काढला आणि बाजेवरूनच सांगितलं, "आजपास्नं ह्या घरात म्या खाकरलो तर कुणी उठायचं न्हाई."

परतीला घाट उतरताना एका वळणावर ऊस भरलेली बैलगाडी आडवी आली. मागं नवरी, करवल्या, म्हाताऱ्या, हिच्या माहेरचं सगळं आष्टं. मी पाय दिला, लॉरी जागेवर. माझ्या बाजूला दत्तू मुंडावळ्या सांभाळत बसला होता, त्याला काही कळलंसुद्धा नाही.

त्यानंतर हिचं तोंड मिटलं ते एकदम दवाखान्यात. मधली सगळी वर्षं मी ऐकून घेतलं, आणि तिचं बहुतेक बरोबरच असायचं. पुढं दोन लॉऱ्या झाल्या, तरी हिनं स्वतः पायडल दाबून बघितल्याबिगर एकही अंगणातून हलली नाही. नवे ड्रायव्हर हसायचे. हिला त्याचं काही नव्हतं.

दिवसकार्याला माझी चुलतबहीण आली होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. म्हातारपणानं मीही हल्ली खाकरतो. सुना भाकऱ्या थापत होत्या, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा थापायला लागल्या. बहिणीला राहवलं नाही. "सासरा आलाय, ढिम्म हलत न्हाईत रं ह्या."

"त्यांना उठवू नको," मी म्हटलं. थोरलीनं बसल्या जागेवरून तांब्या पुढं सरकवला. पाणी प्यालो आणि तिथंच चुलीपाशी, त्यांच्या बरोबरीनं खाली बसलो.