काळी चारचा मध्यम

बायको जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा तिच्या भजनी मंडळातल्या बायका घरी आल्या. मंडळात पेटी तीच वाजवायची. तिच्या वर्षाच्या दिवशी देवळात भजन करायचं ठरलं होतं, आणि निदान एका अभंगाला तरी पेटीवर मी बसावं, असं त्यांचं म्हणणं. नाही जमलं तर फोनवरचा तंबोरा लावून भागवू, म्हणाल्या. भजन तिच्यासाठी आणि पेटी मात्र घरात झाकलेली, हे मला सोसेना. मी हो म्हटलं. पेटी मला येत नव्हती.

मला कुठलीही गोष्ट पुस्तकाशिवाय शिकता येत नाही. वाचनालयात पाश्चात्त्य संगीताचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, ते आणलं. मेजर स्केल म्हणजे आपले सगळे शुद्ध स्वर, एवढं पहिल्याच दिवशी कळलं. दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजायचं. लगतची पट्टी घेतली की अर्धं, मधली एक सोडली की पूर्ण. पूर्ण, पूर्ण, अर्धं, मग तीन पूर्ण, शेवटी अर्धं. पहिल्या पांढरीपासून निघालं की हे आपसूक जुळतं, एकाही काळीला हात लावावा लागत नाही. दुपारचं जेवण झालं की मी तेवढंच वाजवत बसायचो. अभंगाची चाल हळूहळू बोटांत आली. मात्र भाता हलवून हलवून डावा हात असा भरून यायचा, की पेटी बंद करून तिथेच आडवा व्हायचो.

तालमीला पहिल्या पांढरीवर सा धरला, तर मुख्य गाणाऱ्या वहिनी थांबल्याच.

"भावजी, एवढं खाली कुठे नेताय? विहिरीत उतरून गायचं काय आम्ही?"

बाकीच्या हसल्या. मंडळ वर्षानुवर्षं काळी चारमध्ये गात आलं होतं, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. हे माझ्या घरातलंच माणूस रोज करत होतं आणि मला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन चौथ्या काळीपासून सुरुवात केली. सा आणि रे काळ्यांवर, ग वरच्या सप्तकातल्या पहिल्या पांढरीवर. त्याच्या शेजारची पांढरी मी म म्हणून घेतली. पुढच्या तालमीला बायका एक ओळ गाऊन गप्प झाल्या.

"मध्यम चढलाय तुमचा," वहिनी म्हणाल्या. "पुस्तकात चढवलाय की तुम्हीच?"

पुस्तक बरोबर होतं. ग आणि म शेजारच्या पांढऱ्या, ही माझ्या डोळ्यांना पहिल्या पांढरीपासून लागलेली सवय. तिथे त्या दोघींच्या मध्ये काळी नसते. इथे होती, आणि मी तिला ओलांडून जात होतो. माझा म हवा होता पहिल्या काळीवर. पुस्तकात या स्केलला चार फ्लॅट, म्हणजे अर्ध्याने उतरवलेले स्वर, दिलेले. बी, ई, ए आणि डी. माझी काळी त्यातली शेवटची, डी फ्लॅट. तिलाच दुसरीकडे सी शार्प, म्हणजे अर्ध्याने चढवलेला सी, म्हणतात, पट्टी एकच. मग इथे सी शार्प का नाही? कारण स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यायचं. सी, म्हणजे पहिली पांढरी, गंधाराने घेतला. आता पाळी डीची, म्हणून डीच अर्ध्याने उतरवायचा.

हे समजायला मला दोन दिवस लागले. तिला विचारलं असतं, तर स्वयंपाकघरातून म्हणाली असती, "अहो, काळी एक दाबा नि पुढे चला." तीस वर्षं ती शेजारच्या खोलीत वाजवत होती आणि मी वाचत होतो. मी कधी काही विचारलं नाही.

वर्षाच्या दिवशी सा दिला. पहिलं कडवं नीट गेलं, मध्यम जागेवर पडला. दुसऱ्या कडव्यात बोट पुन्हा पांढरीवर गेलं. मी थांबणार तोच वहिनींनी आवाज चढवला, बाकीच्यांनी झांजा वाढवल्या, आणि अभंग माझ्यावरून पुढे गेला. मी भाता हलवत राहिलो. तिसऱ्या कडव्यात काळी सापडली.

प्रसाद वाटून झाल्यावर वहिनी पेटीजवळ बसल्या.

"दर गुरुवारी याल?"

"नाही होणार माझ्याने."

"मग ही राहू दे इथेच. माझी सून शिकतेय."

 मी भात्याची कडी लावली, पेटी त्यांच्याकडे सरकवली आणि चपला शोधायला उठलो.