राजरक्तातली साखर

अन्याय झाला कमलवहिनीवर आणि तिच्या नवऱ्यावर, आबासाहेबांवर. कधी? गेल्या दसऱ्याला, शिलंगणाला निघायच्या आधी, भर दुपारी, मारुतीच्या पारावर. सगळं गाव बघत होतं.

दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात जहागीरदाराला अजून ‘सरकार’ म्हणतात. निजाम गेला, जहागिरी गेली. उरली दसऱ्याला पारावर टाकायची गादी. तिच्यावर बसणाऱ्याला गाव आपट्याचं पहिलं सोनं देतं. एवढंच राज्य, आणि तेही दरवर्षी पिंजून घ्यावं लागतं!

वहिनी ऊसतोड कामगाराची लेक. अंबाजोगाईला नर्स झाली, तिथंच सरकारांच्या थोरल्याशी, आबासाहेबांशी, लग्न केलं. सरकारांनी तिच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. इन्शुलिन मात्र तिच्याच हातून. रोज सकाळी मशीन घेऊन ती म्हणायची, “मामंजी, बोट द्या. बघू, राजरक्त किती गोड झालंय.”

“टोच गप,” सरकार तोंड फिरवून म्हणायचे.

निवडणुकीत मात्र सरकारांनी तिला जीपमध्ये पुढं बसवून ऊसतोड्यांच्या वस्तीत फिरवलं. “ही आमची थोरली सून!” धाकटे भैयासाहेब तिच्या माणसांच्या मतांवर निवडून आले.

मग दसरा आला. सरकार थकले म्हणून थोरलेपणाच्या मानानं आबासाहेब गादीवर बसले होते, तोच सरकारांनी त्यांना उठवलं. “बाहेरचं रक्त घरात आणलं, त्याचा हक्क संपला.” भैयासाहेब बसले.

आबासाहेबांचा लहानपणापासूनचा सोबती मी, गर्दीतून ओरडलो, “मतं मागताना कावून न्हाई संपला?”

“गप बे!” भैयासाहेब गादीवरून म्हणाले. राज्याभिषेकानंतरचा हा पहिला हुकूम.

दुसऱ्या दिवशी वहिनी नेहमीसारखी मशीन घेऊन आली. आकडा बघितला आणि म्हणाली, “मामंजी, लई वाढलीय. माझ्या बापानं तोडलेल्या उसाची साखर हाय ही. तुमच्या राजरक्तात पार आत गेलीय. आता कुणाकुणाला उठवताव?”

त्याच आठवड्यात दोघं लेकरांना घेऊन अंबाजोगाईला निघून गेले. एसटीत चढताना ती मला म्हणाली, “भाऊजी, गादीचं मला काय न्हाई. पर लेकरांदेखत ह्यांला उठीवलं. तितंच बसवा, मंग आमी येतो.”

सुई आता गावातला कंपाउंडर टोचतो. त्याचं घराणं सरकारांनी अजून विचारलेलं नाही.

मला विचाराल तर ती गादी उसवून उशा शिवा. पण ती पारावर टाकणारच असाल, तर येत्या दसऱ्याला आपट्याची पानं मुठीत धरून पारासमोर उभे राहा आणि आबासाहेब बसेपर्यंत एक पानही कुणाच्या हातावर ठेवू नका.