भाऊरावांचं ‘मंग?’

मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. स्लाइडवर दिसत नाही ते नाहीच, असा माझा सरळ हिशोब. कुणा बाईच्या अंगात आलेलं पाहिलं तरी मला आधी तिचं हिमोग्लोबिन तपासावंसं वाटतं. त्यामुळे पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

अमरावतीत राजापेठेकडच्या एका वाचनालयात, वरच्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी आमचा वाचनकट्टा भरतो. प्रत्येकानं नुकतंच वाचलेलं पुस्तक सुचवायचं, गोष्ट थोडक्यात सांगायची – आणि शेवट अजिबात सांगायचा नाही, हा कडक नियम. मग खाली जाऊन दह्यात भिजलेला गिला वडा. काही सभासद फक्त वड्यासाठी येतात, असा माझा जुना संशय आहे.

भाऊरावांना हा नियम सोसायचा नाही. मूळचे वलगावचे, शेती मुलाच्या हाती देऊन शहरात आलेले. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. सांगणारा श्वास घ्यायला थांबला, की तिथून आवाज यायचा, “मंग?” एकदा कुणीतरी नुसतं म्हणालं, “लेखिकेचा जन्म अचलपूरला झाला...” तर लगेच “मंग?”

गेल्या हिवाळ्यात भाऊराव झोपेतच गेले. मीच सुचवलेली एक कादंबरी अर्धी राहिली त्यांची. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या बहिणीची गोष्ट होती ती. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी सलीमभाई एका वनरक्षकाच्या आठवणींचं पुस्तक सांगत होते. त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे, पण जंगलावरचं एक पुस्तक सोडत नाहीत. वाघ पाणवठ्यावर आला आणि नेमके सलीमभाई चष्मा पुसायला थांबले...

“मंग?”

रिकाम्या खुर्चीतून. सगळ्यांनी ऐकलं. सलीमभाईंचा चष्मा खाली पडला.

मी पंखा बंद करून पाहिला, जिना पाहिला, खिडकीखालचा रस्ताही पाहिला. पुढच्या रविवारी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. त्यात आम्ही सगळे, माझं खोकणंसुद्धा... पण ते ‘मंग?’ नाही. आणि ऐकलं मात्र त्याही दिवशी सगळ्यांनीच! माणसं यायची कमी झाली. वड्यासाठी येणारे तर आधी गळाले.

“मैं बोलता, ये अपने भाऊरावच है,” सलीमभाई म्हणाले. “नॉव्हेल अधूरी रह गई ना उनकी. एक बार पूरी सुना दो, चले जाएँगे बिचारे.”

दुसरं काही सुचत नव्हतं. नियम मोडून ती कादंबरी शेवटासकट सांगायची असं ठरलं. पुस्तक भाऊरावांच्या घरीच होतं, म्हणून मी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, फोन केला. आणि बोलण्याच्या भरात कारणही सांगून बसले.

रविवारी पुस्तक घेऊन काकू स्वतःच आल्या. याआधी कधी कट्ट्यावर आल्या नव्हत्या.

“मी वाचलं हे. मीच सांगीन,” त्या म्हणाल्या. मग त्या खुर्चीकडे पाहून – “इथं म्हने साऱ्यायले इचारत होते. घरी मी काई सांगाले लागली, का पेपरात डोकं! सारा संसार झाला, पन मले कधी ‘मंग’ नाई म्हटलं या मानसानं.”

सलीमभाईंनी त्यांच्यासाठी एक खुर्ची पुढे ओढली.

काकूंनी गोष्ट सुरू केली. गोष्टीत मधेच त्यांची शेजारीण आली, मधेच त्यांचा स्वतःचा भाऊ आला, पण बहीण एकदाची स्टेशनवर पोचली. तिथं काकू थांबल्या. खुर्चीकडे पाहत राहिल्या.

काहीच नाही.

मी, स्लाइडशिवाय काही न मानणारी बाई, मनातल्या मनात हात जोडत होते... बोला हो भाऊराव, आज तरी बोला! काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी पुस्तक मिटायला घेतलं.

“मंग?”

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत, कळेना.

“मंग काय!” त्या एकदम खुर्चीवर ओरडल्या. “बसली पोरगी गाडीत! आयका आता गपचूप!”

आणि जी गाडी सुटली ती थेट शेवटच्या प्रकरणापर्यंत. तिथं मात्र त्यांनी पुस्तक फटकन मिटलं.

“काकू, शेवट सांगा ना,” मी हळूच म्हणाले. “म्हणजे ते... मोकळे होतील.”

“कावून सांगू?” काकूंनी पुस्तक पिशवीत टाकलं. “सांगितला, मंग पुढच्या रविवारी येतीन का हे?”

आता काकू दर रविवारी येतात. शेवटचं प्रकरण अजून उघडलेलं नाही, त्याच्या अलीकडेच त्या नवंनवं घालत असतात. गेल्या वेळी बहीण अकोल्याला उतरली आणि तिला तिथं एक मावशी निघाली. खुर्चीतून विचारणा चालूच आहे.

तो आवाज कसला, मला आजही सांगता येत नाही. कान तपासून घेतले, उत्तम आहेत. कादंबरी मी दोनदा वाचली आहे, त्यात अकोलाही नाही आणि मावशीही नाही. पण हे काकूंना सांगायची माझी छाती होत नाही.