घराकडे पाठ केलेली सूर्यफुलं

दोन हजार सालाच्या आसपास मी रोज स्कूटरवरून आळेफाट्याला कामाला जायचो. पिंपरी पेंढारच्या वाटेवर एका घराच्या अंगणात सूर्यफुलं होती. हातभर अंतरावर एकेक रोप, प्रत्येकाला काठीचा आधार. एकदा बी मागायला मी थांबलो.

घरमालक साठीचा, सडपातळ. बोलताना तो देठावरून अंगठा फिरवत राही, दुखरं बोट चोळावं तसा. ओसरीत त्याची बायको खाटेवर पडून होती. कंबरेखाली तिला हालचाल नव्हती. फुलं तिच्यासाठीच लावली होती. पण घराचं दार पूर्वेला, अंगण त्याच्या पुढे, आणि उमललेल्या फुलांनी उगवतीकडे तोंड केलेलं. खाटेवरून नुसत्या पाठी दिसत.

"कळ्या व्हत्या तवर सांजंला घराकडं बघायच्या," तो म्हणाला. "मला वाटलं, आशीच फुलत्याल. लावली हिच्यासाठी, आन् बघत्यात एष्टीला!"

"बघू द्या की," ती खाटेवरून म्हणाली. "तुमी तरी कुठं माझ्याकडं बघत व्हता?"

ती हसली. तो हसला नाही.

पुढच्या खेपेला त्याने घरामागे परसात बी टोकलं. खाट मागच्या दाराशी न्यायचं ठरलं होतं. फुलं उमलायच्या आधीच ती गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा मागचं दार उघडं होतं. सगळी फुलं घराकडे तोंड करून उभी होती.

"आता बघत्यात, भाऊ," तो म्हणाला. "आन् आत कोण न्हाई."

मी मान खाली घातली, तर रोपांच्या आळ्यांतली माती नुकतीच भिजवलेली होती.