दोन इरल्यांखालचा माग

कुरवंड्याच्या रस्त्यावर उपडी घातलेली ती दोन इरली, पावसात शेतकामाला डोक्या-पाठीवर घ्यायची पानांची छपरे, मी अजून विसरलेलो नाही. युद्धाची वर्षे होती आणि मी नवा फौजदार होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. ज्या मास्तरांनी मला तालुक्याच्या शाळेत टिकवून धरले, त्यांचे ऋण मी आजही मानतो. छापील आकड्यावर विश्वास ठेवायला मी त्यांच्याकडेच शिकलो होतो.

भाताच्या आवणीचे दिवस होते. सकाळी नऊच्या सुमारास एका मोटारसायकलने रस्त्याकडेच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला उडवले आणि स्वार न थांबता निघून गेला. खाचरात काम करणारी बायको आणि सून धावत आल्या. त्यांना दिसली ती फक्त खाकी कोट घातलेली पाठ. गावकऱ्यांनी म्हाताऱ्याला डोलीत घालून दवाखान्यात नेले. तिसऱ्या दिवशी तो वारला.

अपघाताच्या सकाळीच मी पोहोचलो, तेव्हा म्हातारी पावसात भिजत उभी होती. तिचे एक आणि सुनेचे एक, अशी दोन इरली चिखलातल्या चाकाच्या मागावर टेकवलेली होती. चोरी झाली की पाटील येईपर्यंत चोराच्या पावलांवर पाटी पालथी घालायची, ही त्या गावची जुनी रीत.

"दोनच जागी का झाकलंस, मावशी?" मी विचारले.

"चाकाला कुटंतरी चीर हाय, सायेब. ती चीर हितं उमटली, मंग पुढं तितं उमटली. मधी कुटंच न्हाई."

मी ते ऐकले, पण मनावर घेतले नाही. ठशाची रुंदी पट्टीने मोजली. बरोबर तीन इंच भरली. इरली हलवायची नाहीत असा हुकूम देऊन आणि हवालदाराला तिथे पहाऱ्यावर ठेवून मी परतलो.

त्याच दुपारी खबर आली. जंगलातल्या कोळशाचा एक ठेकेदार ठाण्यात येऊन सांगून गेला की, कुसगावात राहणारा रेल्वेचा फिटर सकाळी त्या वाटेने सुसाट जाताना आपण पाहिला. दोघांकडेही मोटारसायकली होत्या. मी दोन्ही पाहिल्या. फिटरच्या टायरवर ३.००-१९ असे कोरलेले होते, ठेकेदाराच्या टायरवर ४.००-१९. ठसा तीन इंचांचा, टायर तीनचे. मला आणखी काय हवे होते? फिटरच्या टायरला चिराही होत्या. रस्त्यावर धावणाऱ्या कोणत्या टायरला नसतात, हे मला सुचले नाही.

दोन तास मी फिटरची कसून चौकशी केली. रात्रपाळी संपवून थेट घरी जाऊन झोपलो, एवढेच तो सांगत राहिला. एकटा राहणारा माणूस, साक्षीदार कुठून आणणार? म्हातारा वारल्याची बातमी आली आणि मी अटकेचा कागद तयार केला. तो कागद रेल्वेच्या साहेबाकडे पोहोचला की फिटरची नोकरी जाणार, आणि पुढे तुरुंग, हे त्यालाही ठाऊक होते.

सहीपूर्वी पंचांसमोर पंचनामा वाचून दाखवायचा असतो. मी वाचू लागलो. 'ठशाची रुंदी तीन इंच' हे शब्द येताच फिटरने पहिल्यांदा मान वर केली.

"मग ते टायर माझं नाही, साहेब."

"तुझ्या टायरवर तीनच लिहिलंय."

"ते पोटाचं माप आहे. हवा भरल्यावर टायर जिथं सगळ्यात फुगतं तिथली रुंदी. जमिनीला टेकतं ते त्याहून कमी. उंची साधारण रुंदीएवढीच धरायची, आणि एकोणीस म्हणजे आतल्या रिमचा व्यास. माझी गाडी त्याच चिखलातनं चालवून बघा. चूक निघाली तर सही करतो."

पंच एकमेकांकडे पाहू लागले. मला राग आला होता, तरी मी पंचांसह त्याला तिथे नेले. जुन्या मागाशेजारून त्याने गाडी चालवली. ठसा जेमतेम सव्वादोन इंचांचा उमटला.

मग मला म्हातारीचे बोलणे आठवले. मी दोन्ही इरली उचलली आणि चिरेपासून चिरेपर्यंत फीत धरली. चाकाचा एक पुरा फेरा सात फुटांना थोडाच कमी होता. फिटरच्या चाकाचा फेरा साडेसहा फुटांच्याही आत भरला. ठेकेदाराच्या चारच्या टायरची रुंदी जास्त, म्हणून उंचीही जास्त आणि फेराही मोठा. मघाशी फिटरने सांगितलेले मला आता कळले.

टायर नंतर बदलले अशी सबब राहू नये म्हणून ठेकेदाराला मी आधी एवढेच विचारले, "हे टायर कधी बसवलंत?"

"दोन महिने झाले. हल्ली मिळतंय कुठं दुसरं?"

मग त्याच्यादेखत त्याची गाडी ठाण्याच्या आवारातल्या ओल्या मातीवरून ढकलायला लावली. तीन इंच रुंदी, तोच फेरा, तीच आडवी चीर. त्याने पाणी मागितले. "म्हातारा एकदम मधे आला," असे म्हणून तो खाली बसला. पुढे त्याला शिक्षा झाली.

म्हातारीकडे मी स्वतः गेलो. ती म्हणाली, "त्यो घावला, बरं झालं. आता इरली द्या, सायेब. पाच दीस आमी दोघी भिजत आवणी करतोय." माझ्याच हुकुमाने ती इरली तिथे अडकून पडली होती.

फिटरला सोडताना मी दिलगिरी व्यक्त केली. तेव्हा फौजदार असे करत नसत. तो म्हणाला, "दोन तास तुम्ही मला मी कुठं होतो तेवढंच विचारलंत, साहेब. टायरचं विचारलं असतं तर पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं."

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत, समोर आलेल्या माणसाला मी आधी त्याच्या कामाविषयी विचारत आलो. मग गुन्ह्याविषयी.