बाळंतिणीच्या खोलीतला धूर

ही केस आठवली की आधी नाकात बाळंतशेपेचा वास येतो आणि मग हसू येतं. त्या सकाळी मात्र हसायची सोय नव्हती. एका ओल्या बाळंतिणीचा जीव टांगणीला लागला होता आणि डॉक्टरबाईंना औषध काय द्यावं ते कळत नव्हतं.

नवं शतक लागून सात-आठ वर्षं झाली असतील. मी महाडला फौजदार होतो. हजेरी चालू असताना सरकारी दवाखान्यातून फोन आला. नाते गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथली बाई धुरी घेता घेता बेशुद्ध पडली, तिला आकडी आली, ओकाऱ्या झाल्या, आणि आता छातीचे ठोके मोजता येत नाहीत इतके जलद पडताहेत.

"विषबाधेचा संशय आहे, तुमची नोंद तुम्ही कराच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आधी तो धूर कशाचा होता ते शोधून द्या. धोतरा असेल तर औषध वेगळं. चुकीचं दिलं तर बाई हातची जाईल."

आमच्या भागात बाळंतिणीला बाजेवर निजवतात, खाली शेगडी ठेवतात, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेप, वावडिंग टाकतात आणि वरून घोंगडी घालतात. सगळा धूर आत कोंडतो. तान्ह्याला मात्र आंघोळीनंतर सुईण अंगणात उन्हाला घेऊन बसली होती, म्हणून ते वाचलं. सासूने घोंगडी उचलली तर तिचंही डोकं गरगरलं.

दवाखान्यात पोचलो तर सासू ऊर बडवत होती. "त्या दुकानदारान माझ्या सुनेला मारलान गो!" धुरीचं सामान बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आलं होतं. दुकानदार वयस्क मुसलमान गृहस्थ, अख्खं गाव त्यांना चाचा म्हणायचं. वाडीची माणसं जीप भरून दुकानाकडे निघालीच होती. मी हवालदारांना पुढे पिटाळलं आणि चाचांना त्यांच्या डब्यांसकट ठाण्यात आणवलं.

निघताना एक गोष्ट मनात अडकली. दुकानदाराच्या नावाने सगळ्यात मोठा आवाज धाकट्या दिराचा होता. मुंबईला एका हॉटेलात कामाला, पुतण्याच्या बारशासाठी घरी आलेला. घरचे सगळे डॉक्टरांना एकच विचारत होते, वाचेल ना? यानेच तेवढं विचारलं, "रक्तात कळतं काय, काय घेतलाय ते?" ज्याला माणसाची काळजी असते तो रक्ताच्या चौकशा करत नाही. मी त्यालाही सोबत घेतलं.

ठाण्यात चाचा माझ्यावरच उखडले. "साहेब, निम्मं महाड माझ्या धुरीत वाढलंय. तुमची पोरंही असतील. शेगडी आणा! आत्ता जाळतो सगळं, आणि वर तोंड करून मी स्वतः बसतो."

खोलीतली राख आणि निखारे पंचनामा करून सीलबंद करायला मी माणूस वाडीवर धाडला होता. पण चाचांच्या डब्यांतला माल त्यांचाच होता, आणि त्यांनी तो खरंच जाळला. ठाणंभर धूर झाला. चाचा निखाऱ्यांवर वाकून छाती भरून श्वास घेत होते आणि मधूनच माझ्याकडे रागाने बघत होते. काही म्हणजे काही झालं नाही. सर्दी झालेल्या ठाणे अंमलदाराचं नाक तेवढं मोकळं झालं. हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साहेब, आता घुगऱ्याच वाटायच्या राहिल्यात."

दीर हसला नाही. तो दाराकडे सरकत होता.

मग मी आत गेलो, ठाण्यातली चहाची पत्ती वर्तमानपत्राच्या कागदात बांधली आणि बाहेर आलो. "हे तुमच्या बाळंतिणीच्या खोलीत उरलेलं," मी त्याला सांगितलं. "चाचांचा माल तर निर्दोष निघाला. आता हे जाळू. दार लावून घ्या रे. तू असा जवळ ये, शेगडीपाशी बस."

पुडी शेगडीवर धरली मात्र, त्याने माझं मनगट पकडलं. "नको सायेब! चाचांना तरी भायेर काढा. म्हातारा मानूस हाय, मरंल!"

चाचा थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिले. खरं सांगतो, त्याच क्षणी मला तो पोरगा आवडला.

पुढचं त्याने रडत सांगितलं. मुंबईच्या दोस्ताने चकचकीत पाकिटं दिली होती. गांजा नव्हे, जडीबुटी आहे, पोलीस काही करू शकत नाहीत, असं सांगून. एक त्याने घरी आणलं. वडील त्याची पिशवी चाचपतात, म्हणून त्याने डोकं लढवलं. आमच्याकडे घरातल्या मधल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. सोयर फिटेपर्यंत पुरुषांनी बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नसतं. तिथे वडील फिरकणार नाहीत, म्हणून याने अलीकडून हात उंचावून त्यातला पाला कागदाच्या पुडीत बांधून भिंतीच्या माथ्यावर ठेवला, आणि पाकीट स्वतःच्या खिशात.

गाढवपणा असा, की घरातले पुरुष बाजारातून बाळंतिणीसाठी जे आणतात, ते आत जाता येत नाही म्हणून त्याच भिंतीवर ठेवतात! धुरीचं सामान आदल्या दिवशी यानेच आणून तिथे ठेवलं होतं. सासूला वाटलं, पोराने आणखी एक पुडी आणली. तिने मायेने सगळीच्या सगळी निखाऱ्यांवर रिकामी केली.

पाकीट घेऊन मी दवाखान्यात धावलो. डॉक्टरबाईंनी मुंबईला आपल्या सरांना फोन लावला. बोलून झाल्यावर मला म्हणाल्या, "पाला नुसता नावाला असतो. त्यावर प्रयोगशाळेतलं रसायन फवारतात, आणि कुठल्या पुडीत किती हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. लोक गांजासारखं समजून ओढतात. मग भास होतात, भीती बसते, आकडी येते, कधी हृदयच बंद पडतं. नेहमीच्या तपासणीत सापडत नाही आणि याला उतारा नाही."

"मग आता हो?"

"आता धोतऱ्याचं औषध द्यायचं नाही, हे तरी कळलं. आकडी थांबवायची, सलाईन लावायचं आणि उशापासून हलायचं नाही."

त्या हलल्या नाहीत. दुपार कलताना बाईने डोळे उघडले आणि पोर मागितलं. दूध अजून पाजायचं नव्हतं, त्यावरून तिने डॉक्टरबाईंशी भांडण काढलं. तेव्हा आम्ही सगळे हसलो. सासू उठून थेट बाजारात गेली आणि भर दुकानात चाचांच्या पाया पडली. चाचांनी तिला गूळ-पाणी दिलं आणि आपल्या अपमानाबद्दल ऐकवलंही.

प्रयोगशाळेने गांजा नसल्याचं कळवलं आणि त्या रसायनाचं नाव तेव्हा आमच्या यादीत नव्हतं. विषारी पदार्थाबाबत हयगय, एवढ्यावरच आम्हाला थांबावं लागलं. दोस्ताचा पत्ता मुंबईला कळवला.

पण त्या पोराची खरी उलटतपासणी माझ्या हातून झालीच नाही. बाईला जरा बरं वाटल्यावर मी जबाब घ्यायला गेलो, तेव्हा दीर खाली मान घालून भिंतीशी उभा होता. तिने मला थांबवलं.

"भावजी, तुमी विंग्रजी शिकल्याव. त्या पाकिटावर काय लिवलाय?"

तो पुटपुटला, "मानसान खायाप्यायासाठी नाय, असा लिवलाय."

"वाचलात तुमी?"

"हा."

"मग तुमी सोताला कोन समाजलाव?"

त्याचे खांदे गदगदायला लागले. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मांडीवरचं पोर उचलून त्याच्यापुढे धरलं. "घ्या ह्याला. माझा हात भरून आलाय. रडू नका, त्याला धरा नीट."

कोठडीची भीती घालून माणसं सुधारतात असं मी नोकरीत लागल्यापासून मानत आलो होतो. त्या दिवशी एक पोरगा, ज्याच्यामुळे ते बाळ आईवेगळं व्हायची वेळ आली होती, तेच बाळ दोन्ही हातांत धरून हलायलाही घाबरत उभा होता. जबाबाचा कागद मी तसाच घडी घालून खिशात ठेवला आणि बाहेर जाऊन बसलो.