हिंगोलीत ठरलेला वर्षाचा बुक्केबाज

आमच्या आतोबांइतका न्यायाचा भुकेला माणूस अख्ख्या हिंगोलीत दुसरा नव्हता, आणि न्याय म्हणजे त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती: वजन. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मोंढ्यात हळदीच्या काट्यावर मापाडी म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. त्यांच्या मिशा पिवळ्या, नखं पिवळी, धोतर तर विचारूच नका. आत्या म्हणायची, "लग्नात ह्यांना हळद लावली ती अजून उतरली न्हाई." घरी कुणीही आलं की आतोबा आधी त्याला वरून खाली न्याहाळायचे आणि ख्यालीखुशाली विचारायच्या आत वजन सांगून मोकळे व्हायचे. "मास्तर, सुट्टीत दीड शेर गेला बघ तुझा," हे माझं स्वागत. मुलीला पाहायला स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पण चौसष्ट शेराच्या वर भरत न्हाई." आत्यानं स्वयंपाकघरात कपाळ बडवून घेतलं. लग्न मात्र झालं, आणि जावई पुढे दर दिवाळीला न सांगताच आतोबांसमोर उभा राहायचा.

अशा माणसाच्या हाती एक दिवस सिकंदराबादेहून आलेल्या पार्सलाचा कागद लागला. जुनं इंग्रजी वर्तमानपत्र होतं. त्यात फोटो असा, की एक उघडाबंब गोरा तराजूवर उभा आहे आणि शेजारी कोटवाला साहेब वाकून आकडा वाचतो आहे. मी तेव्हा गावच्या शाळेत नुकताच इंग्रजी शिकवायला लागलो होतो. मी सांगितलं, ही बुक्क्यांची कुस्ती. हाताला गाद्या बांधून खेळतात, त्यावर पोट भरतात, आणि खेळण्याआधी दोघांना तोलतात, म्हणजे जोड बरोबरीची होते. आतोबांनी हातातलं माप खाली ठेवलं. आजवर चालू काट्यावर माप खाली ठेवण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"तोलून मंग लढवत्यात?"

"हो."

"आन् आपल्या जत्रंत नुसतं डोळ्यांनी पाहून जोड लावत्यात. काहून रे?"

ह्या 'काहून'चा निकाल लावायला पुढच्या शिवरात्रीला स्वारी बैलगाडीत काटा घालून औंढ्याच्या जत्रेत हजर. कुस्त्यांच्या फडाच्या तोंडाशी तीन वासे उभे करून काटा टांगला, आणि गडी जसजसे येतील तसतसं त्यांना पारड्यात बसायला सांगायला लागले. पहिला गडी गरीब होता, बसला. उठला तेव्हा त्याचा लंगोट मागून पिवळाधमक! सगळा फड हसायला लागला. दुसऱ्याचा वस्ताद मात्र खवळला, "माझा गडी काय हळकुंड हाय व्हय?" काटा, वासे आणि आतोबा, तिघांनाही बाहेर काढलं. परत येताना गाडीत म्हणाले, "भ्याले. काट्याला समदेच भित्यात."

त्या दिवसापासून त्यांनी आपल्या मुलखातल्या कुस्तीचा नाद सोडला आणि समुद्रापलीकडच्या बुक्क्यांचा धरला. सिकंदराबादचा एक व्यापारी त्यांच्यासाठी जुनी वर्तमानपत्रं पाठवायचा. मी वाचायचो, ते ऐकायचे. इंग्रजी अक्षर त्यांना एक येत नव्हतं, पण पार्सलांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून इंग्रजी आकडे तोंडपाठ होते. ते पौंडांचे शेर करत आणि हा दोन मणाला दोन शेर कमी, तो मण-बत्तीस, असं मनाशी पुटपुटत. त्या बुक्केबाजांची नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. एक लोहार, एक उंटाड्या, एक रडका (हा मार खाताना रडायचा म्हणे, पण हरायचा नाही), आणि सगळ्यांत लाडका तो डावखुऱ्या. डावखुऱ्या वयानं मोठा, वजनानं हलका, आणि आतोबांच्या मते जगातला एकमेव सभ्य माणूस, कारण एकदा समोरच्याचं वजन अर्धा शेर जास्त भरलं तरी तो म्हणाला होता, असू द्या.

दर दिवाळीच्या पाडव्याला मग आतोबांच्या ओसरीवर पंचायत बसायची: ह्या वर्षीचा मोठा बुक्केबाज कोण? पंच तीन. एक स्वतः आतोबा. दुसरे खानसामा चाचा, ज्यांनी लहानपणी इथल्या छावणीत गोऱ्यांच्या मुदपाकखान्यात भांडी घासली होती आणि गोऱ्या शिपायांच्या बुक्क्या प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. ते दर वर्षी हे आठवणीनं सांगत, "मेरी आँखों से देखा मियाँ, तुम तो कागज देखे." तिसरा सखाराम धनगर. ह्यानं जन्मभर एडक्यांच्या टकरी पाहिलेल्या, त्यामुळे त्याचा कौल नेहमी मागं सरणाऱ्याकडे. "एडका मागं सरला की म्होरच्यानं भ्यावं. ह्यो लोहार पुढंच पुढं येऊन राहिला, ह्याला अक्कल न्हाई." भांडणं अशी व्हायची की शेजारच्या आळीतले लोक, कुणाच्या जमिनीचा वाद आहे, म्हणून पाहायला येत. एका वर्षी तर 'वर्ष' कोणतं ह्यावरच दुपार गेली. चाचांचं वर्ष निजामाच्या सरकारी फसली सालाचं, आतोबांचं पाडव्याचं, वर्तमानपत्राचं जानेवारीचं. आणि लोहाराची सर्वांत मोठी लढाई नेमकी फसली संपल्यावर आणि पाडव्याच्या आधी झालेली. सखाराम शेवटी म्हणाला, "माझ्या मेंढ्या इतं आठ दिवस बसवू का?" तेव्हा कुठं निकाल लागला. मग विजेत्याच्या फोटोला हळदीचा टिळा, त्याच्या नावानं नारळ, आणि खोबरं पंचांना. ज्या माणसाला हा मान मिळायचा त्याला हिंगोली कुठं आहे हे मरेपर्यंत कळणार नव्हतं. आतोबांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. म्हणायचे, "त्याला कळून काय करायचं? आपल्याला कळलं पाहिजे."

एवढ्या वर्षांत डावखुऱ्याला तो नारळ कधीच मिळाला नाही. दर वेळी आतोबाच त्याच्या विरुद्ध कौल द्यायचे. "माझा लाडका हाय म्हून त्याला काट्यावर अंगठा लावू?"

सत्तेचाळीसचा पाडवा आला तेव्हा निजामाच्या राज्यात रझाकारांचे दिवस होते, बाहेरची हवा बरी नव्हती. बाजार ओस, माणसं एकमेकांशी जपून बोलत होती. त्यात आतोबांना अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झालेले. डावी बाजू गेली होती. वैद्य आत्याला बाजूला घेऊन काय ते सांगून गेला होता. मला वाटलं होतं पंचायत होणार नाही. पण चाचा आले, सखाराम मेंढ्या पोरावर टाकून आला, आणि दोघं खाटेशी बसले. वाचायचं काम माझं. ताजं वर्तमानपत्र मी आदल्या दिवशीच पाहिलं होतं. डावखुऱ्या हरला होता. चौथ्याच फेरीत एका कोवळ्या पोरानं त्याला खाली पाडलं होतं, आणि लिहिणाऱ्यानं शेवटी म्हटलं होतं की ह्या म्हाताऱ्यानं आता घरी बसावं.

ते वाक्य मी त्या खाटेपाशी कसं वाचणार? नाही वाचलं. मी डावखुऱ्याला पंधराच्या पंधरा फेऱ्या लढवलं, जिंकवलं, वर टाळ्याही वाजवल्या. चाचांनी 'वल्लाह' म्हटलं. सखारामसुद्धा म्हणाला, "औंदा नारळ त्याचाच. बोला." आतोबांनी उजवा हात पुढं केला आणि कागद मागितला. ओळींवरून बोट फिरवत गेले. मग त्यांचं पिवळं नख एका आकड्यावर येऊन थांबलं. फेरीचा चारचा आकडा, आणि शेजारी त्या पोराचा हात वर केलेला फोटो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तीस वर्षं ज्या माणसानं कुणाची छटाकभर चोरी खपवून घेतली नाही, त्याच्या काट्यावर मी त्याच्या घरात बसून हात मारला होता.

"नारळ त्या पोराचा," आतोबा म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "मास्तरानं मायेनं वाचलं. काट्याला माया नसती."

त्या अनोळखी पोराच्या फोटोला टिळा लागला, नारळ फुटला. चाचा आणि सखाराम उठले तसा मीही उठलो, तर आतोबांनी उजव्या हातानं माझं धोतर धरलं. म्हणाले, "आता बराबर वाच."

मी वाचलं. एकही शब्द न गाळता वाचलं, ते घरी बसण्याचं वाक्यही वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. दारात आत्या पदर तोंडाला लावून उभी होती. संपल्यावर त्यांनी विचारलं, "उठला का?"

खोटं बोलायची मला केवढी इच्छा झाली म्हणून सांगू! पण आता ती सोय राहिली नव्हती. पुन्हा कागदात पाहिलं आणि सांगितलं, "नाही, आतोबा. एका गुडघ्यावर आला होता. तेवढ्यात पंचाचे दहा आकडे मोजून झाले, डाव संपला."

"म्हंजी उठून राहिला व्हता."

"होय. उठत होता."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि आत्याला हाक मारून पाठीशी उशी लावायला सांगितली. त्यांना बसायचं होतं. आम्ही दोघांनी धरलं तरी जमलं नाही. त्यांनी जरा दम घेतला आणि म्हणाले, "पुन्यांदा धरा."